नगर रस्त्यावरचा पैशाचा डाव

पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ वाघोलीत मोबाइलमधून आले, पुण्याच्या इतर उपनगरांत आले तसेच. ते ज्याने उचलले तो खेळाडू मात्र नवा नव्हता. आकडा लावणारा, जत्रेत सोरट खेळणारा, गुरुवारच्या सोडतीची वाट पाहणारा आणि मित्रांच्या खोलीवर रमीचा डाव टाकणारा माणूस या रस्त्यावर आधीपासून होता. वाघोली हे हवेली तालुक्यातले, पुणे-नगर मार्गावरचे जुने गाव. वाघेश्वराचे देऊळ, पेशवाईतले सरदार पिलाजी जाधवराव यांच्या घराण्याच्या खुणा आणि आजूबाजूच्या दगडखाणी ही त्याची जुनी ओळख. पुढे अभियांत्रिकी महाविद्यालये आली, गोदामे आली, एका बाजूला खराडीचे आयटी पार्क आणि दुसऱ्या बाजूला सणसवाडी-रांजणगावचे कारखाने उभे राहिले. जून २०२१ मध्ये गाव पुणे महापालिकेत गेले. खाणमजूर, जमीन विकलेला शेतकरी, भाड्याच्या खोलीतला विद्यार्थी, रात्रपाळीचा कामगार आणि हप्त्यावर सदनिका घेतलेला अभियंता यांच्या वस्त्या इथे एकमेकींना चिकटून आहेत. पैशाच्या ऑनलाइन खेळाला लागणारा खेळाडू याच वस्त्यांतून मिळाला, म्हणून त्याचा इतिहास अशा गावाच्या बाजूने पाहिला पाहिजे.

जुगाराची मराठी नोंद फार जुनी आहे. तेराव्या शतकातल्या ‘लीळाचरित्रा’त चक्रधरस्वामींच्या पूर्वायुष्याची कथा येते. भडोचच्या प्रधानाचा मुलगा हरिपाळ द्यूतात हरतो, देणे भागवायला पत्नीकडे दागिने मागतो, ती नकार देते आणि तो घर सोडून रामटेकच्या वाटेला लागतो. हरणे, देणे, घरातले सोने मागणे आणि घर सुटणे हा या कथेतला क्रम पुढच्या सातशे वर्षांत फारसा बदललेला नाही. बदलला तो डाव मांडणारा. शिवाय एका डावातून दुसऱ्या डावात जायला लागणारा वेळ बदलत गेला.

इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यासाठी १८८७ मध्ये जुगार प्रतिबंध कायदा झाला. महाराष्ट्रात आजही पोलीस जुगाराच्या अड्ड्यावर छापा घालतात तो याच कायद्याखाली. लोक कशाकशावर पैसे लावत होते, हे त्याच्या वेळोवेळी वाढत गेलेल्या कलमांतून कळते. कापसाच्या आणि सोन्याचांदीच्या भावातले आकडे त्यात आहेत. रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारीच्या नंबरातले आकडेही आहेत. ज्या गावाच्या मधून दिवसरात्र मालट्रक जातात, तिथे या शेवटच्या कलमाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. याच कायद्यात एक छोटे कलम होते: निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही. त्याच्या आधारावर पुढे हजारो कोटींचा धंदा उभा राहिला.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत महाराष्ट्रातल्या सामान्य खेळाडूचा खेळ म्हणजे आकडा. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात सकाळी उघडलेला आणि संध्याकाळी बंद झालेला भाव तारेने मुंबईला येई आणि त्या भावातल्या आकड्यांवर पैसे लागत. १९६१ मध्ये हे भाव येणे थांबले, तेव्हा आकडा मुंबईतच काढण्याची पद्धत निघाली. कच्छहून आलेल्या कल्याणजी भगत यांनी १९६२ मध्ये वरळीत मटका सुरू केला आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपला वेगळा मटका काढला. गिरणगावात जन्मलेला हा खेळ एसटीच्या आणि टेलिफोनच्या मार्गाने राज्यभर पसरला.

मटक्याची चिठ्ठी नीट पाहिली की या धंद्याचे गणित दिसते. पत्त्यांतून तीन पाने निघतात, समजा ४, ६ आणि ९. बेरीज १९, म्हणून ‘ओपन’ ९. काही तासांनी पुन्हा तीन पाने, समजा २, ३ आणि ७. बेरीज १२, म्हणून ‘क्लोज’ २. त्या दिवसाची जोडी ९२. एका आकड्यावर लावलेल्या रुपयाला नऊ रुपये आणि जोडीला साधारण नव्वद रुपये हा रूढ भाव. आकडे दहा आणि जोड्या शंभर असल्यामुळे दर दहा रुपयांमागे एक रुपया धंदेवाल्याकडे राहतो. खायवाल्याला, म्हणजे डाव घेणाऱ्या धंदेवाल्याला, आकडा फोडायची गरज नसते, चिठ्ठ्या फाडत राहिले की पुरते. खेळाडूच्या बाजूने मात्र एक रखवाली होती, आणि ती कोणी मुद्दाम ठेवलेली नव्हती. एका बाजाराचा निकाल दिवसातून दोनदाच लागे. ओपन आणि क्लोज यांच्या मधल्या तासांत माणूस कामावर जाई, जेवे, झोपे. हरलेले पैसे त्याच क्षणी परत मिळवायची सोय नव्हती. पोलिसांची भीती, टपरीपर्यंतचे अंतर आणि ओळखीच्या माणसासमोर खिसा उलटा करण्याची लाज हे अडथळेही होते.

त्याच काळात पैशाचा एक वेगळाच खेळ घरात येत होता, आणि ऑनलाइन खेळाशी त्याचे नाते मटक्याहून जवळचे आहे. तो म्हणजे बक्षिसाचे शब्दकोडे. आर. एम. डी. चमारबागवाला यांची कंपनी बंगळूरहून ‘स्पोर्टिंग स्टार’ हे साप्ताहिक काढी आणि त्यातून कोड्यांची स्पर्धा चालवी. प्रवेशिका आणि शुल्क मुंबई राज्यातून मोठ्या प्रमाणात जात, गोळा करायला ठिकठिकाणी प्रतिनिधी होते. खेळाडू एका राज्यात आणि कंपनी दुसऱ्या राज्यात. मुंबई सरकारने १९४८ च्या लॉटरी व बक्षीस-स्पर्धा कायद्यात दुरुस्ती करून बाहेरून छापून येणाऱ्या स्पर्धांवरही कर बसवला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल १९५७ मध्ये न्यायालयाने राज्याच्या बाजूने निकाल दिला: जुगार हा व्यापार नव्हे, म्हणून व्यापार-स्वातंत्र्याचे संरक्षण त्याला मिळत नाही. त्याच दिवशीच्या दुसऱ्या निकालात मात्र न्यायालयाने म्हटले की १९५५ चा केंद्रीय बक्षीस-स्पर्धा कायदा नशिबावर चालणाऱ्या स्पर्धांपुरताच आहे, कौशल्याच्या स्पर्धा त्यात येत नाहीत. पुढची सत्तर वर्षे सगळा वाद या एका भेदावर चालला.

१९६७ च्या अखेरीस रमीचा निकाल आला. सिकंदराबादच्या एका करमणूक क्लबात पैशाने रमी चाले, त्यावर खटला झाला होता. तीन पत्तीसारखा हा नशिबाचा खेळ नाही, पडलेले पत्ते लक्षात ठेवावे लागतात, कोणता ठेवायचा आणि कोणता टाकायचा हे ठरवावे लागते, त्यामुळे रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालय म्हणाले. क्लब जर खेळातून नफा काढत असेल तर गोष्ट वेगळी होऊ शकते, अशी सूचनाही त्याच निकालात होती. पहिला भाग सगळ्यांनी पाठ केला. दुसऱ्याची आठवण फार कमी वेळा काढली गेली, आणि या संपूर्ण इतिहासात ही चूक सर्वांत महाग पडली. १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतीलाही कौशल्याचा दाखला मिळाला. पुण्याच्या रेसकोर्सवर ती तशीही १८३० पासून चालत होती.

राज्य सरकारही या बाजारात उतरले. मटका आणि बेकायदा सोडतींकडे जाणारा पैसा सरकारी तिजोरीत यावा म्हणून १९६९ मध्ये महाराष्ट्र राज्य लॉटरी सुरू झाली. बसस्थानकाजवळचा तिकीटवाला आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात निकालाचे बारीक आकडे शोधणारी बोटे हे चित्र त्यानंतर गावोगावचे झाले. १९९८ चा केंद्रीय लॉटरी कायदा या विषयावरचा सर्वांत शहाणा कायदा म्हणता येईल, कारण खेळ कौशल्याचा की नशिबाचा या वादात तो शिरलाच नाही. एकेरी आकड्यावर बक्षीस द्यायचे नाही आणि एका लॉटरीची सोडत आठवड्यातून एकदाच काढायची, अशा अटी त्याने घातल्या. डावाचा वेग खेळाडूला बुडवतो, हे त्या कायद्याने ओळखले होते. पुढे २००१-०२ च्या सुमारास सिक्कीम सरकारच्या नावाने ‘प्लेविन’ आली. दुकानातल्या यंत्रावर आकडे निवडायचे आणि सोडत टीव्हीवर पाहायची. पडद्यावर आकडा निवडून पैसे लावण्याची सवय राज्यातल्या मध्यमवर्गाला तिने लावली.

इंटरनेटवरची रमी त्यानंतर लगेचच आली. हैदराबादची ‘एस टू थ्री’ आणि मुंबईच्या गेम्स ट्वेंटीफोर बाय सेव्हन या कंपनीची ‘रमी सर्कल’ ही त्या पिढीतली नावे. २००८ मध्ये हर्ष जैन आणि भावित शेठ यांनी मुंबईत ‘ड्रीम इलेव्हन’ सुरू केली. पहिली काही वर्षे हे खेळ संगणक आणि क्रेडिट कार्ड असलेल्यांपुरतेच राहिले. २०१६ मध्ये तीन गोष्टी एकत्र आल्या: स्वस्त डेटा, यूपीआय आणि नोटाबंदी. सायबर कॅफेत न जाता आणि कार्ड न बाळगता दहा रुपयांपासून पैसे भरता येऊ लागले. खिसा आणि डाव यांच्यामधले अंतर संपले. २०२० च्या टाळेबंदीत वेळही रिकामा झाला. वाघोली परिसरातल्या महाविद्यालयांची वसतिगृहे रिकामी झाली, पण गावी गेलेल्या विद्यार्थ्याचा फोन त्याच्याबरोबर गेला.

ऑनलाइन रमीत अनेक वर्षे टिकलेल्या खेळाडूचा प्रवास साधारण एकाच मार्गाने होई. सुरुवात फुकटच्या सरावाच्या टेबलापासून. मग ‘वेलकम बोनस’: भरलेल्या रकमेवर तेवढीच रक्कम वर दाखवली जाई, पण ती काढता येत नसे, ठरावीक खेळ खेळल्यावर हळूहळू मोकळी होई. तेरा पत्ते, दोन जोड, एक छापील जोकर आणि एक निघालेला जोकर, किमान एक ‘प्युअर सिक्वेन्स’ हे नियम बहुतेक मराठी घरांना माहीत असल्यामुळे शिकायला फारसे काही नसे. नव्या असत त्या डावाच्या जाती. १०१ किंवा २०१ गुणांचा ‘पूल’ लांबतो आणि त्यात सावरायला जागा असते. ‘पॉइंट रमी’ मात्र एकाच डावात संपते: पत्ते उचलल्याबरोबर सोडले तर २० गुण, मध्येच सोडले तर ४०, पूर्ण हरले तर जास्तीत जास्त ८०, आणि प्रत्येक गुणाला ठरलेली रक्कम. पहिल्या वर्षी पूल खेळणारा खेळाडू बहुधा पॉइंट रमीकडे सरके, आणि पाच पैशांचा पॉइंट रुपयाचा होई.

त्याच्या पाकिटाचे काय होई, हे साध्या हिशेबाने दाखवता येते. रुपयाच्या पॉइंटवर दोनच खेळाडू बसले आहेत आणि दोघांचे कौशल्य अगदी सारखे आहे, असे धरू. एका डावात सरासरी ४० रुपये फिरले आणि कंपनीने जिंकलेल्या रकमेतून १५ टक्के कापले, तर एका डावाला ६ रुपये गेले. तीन मिनिटांत डाव संपतो, म्हणजे तासाला वीस डाव आणि १२० रुपये. दोघांनी हजार-हजार भरले असतील तर सतराव्या तासाला दोघांच्या पाकिटात मिळून काहीच उरत नाही, आणि दोघांपैकी कोणीही दुसऱ्यापेक्षा वाईट खेळलेला नसतो. कपात १० टक्के धरली तरी पंचविसाव्या तासाला तेच घडते. मटक्यातला खायवाला दहा रुपयांमागे एक घेत होता, पण दिवसातून दोनदा. इथे तोच भाग तासाला वीस वेळा कापला जाई. म्हणून वर्षानुवर्षे खेळून नफ्यात राहायचे तर समोरच्यापेक्षा थोडे चांगले असून भागत नाही, कपात भरून निघेल इतके चांगले असावे लागते. असे खेळाडू असतात, आणि त्यांची संख्या थोडी असते. खेळ कौशल्याचा आहे की नाही, या न्यायालयीन प्रश्नाचे उत्तर ‘आहे’ असे आले तरी या दोन हजार रुपयांचे भवितव्य बदलत नाही.

क्रिकेटच्या ‘फँटसी’ खेळाची गती वेगळी होती. बावीस खेळाडूंतून अकरांची टीम लावायची, कर्णधाराचे गुण दुप्पट आणि उपकर्णधाराचे दीडपट. नाणेफेकीनंतर अंतिम संघ जाहीर होतात आणि सामना सुरू होईपर्यंतचा अर्धा तास म्हणजे खरा डाव. नाक्यावरच्या टपरीवर त्या वेळी सगळ्या माना फोनमध्ये असत. ‘कॅप्टन कोण लावला?’ हा प्रश्न सामना कोण जिंकणार या प्रश्नाच्या आधी येऊ लागला. जुने खेळाडू ‘एसएल’ म्हणजे छोट्या स्पर्धा आणि ‘जीएल’ म्हणजे लाखो टीमची मोठी स्पर्धा असा भेद करत: छोट्यात अभ्यासाला वाव, मोठ्यात ४९ रुपयांवर कोटीची आशा. टेलिग्रामवर ‘आजची टीम’ विकणाऱ्यांचा जोडधंदाही त्यातूनच उभा राहिला.

एप्रिल २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ‘ड्रीम इलेव्हन’ विरुद्धची याचिका फेटाळली आणि हा खेळ जुगार नसल्याचे मान्य केले. पुढच्याच वर्षी ही कंपनी २२२ कोटी रुपये मोजून आयपीएलची मुख्य प्रायोजक झाली, आणि २०२३ मध्ये तिचे नाव भारतीय संघाच्या जर्सीवर आले. घरातल्या टीव्हीवर, देशाच्या संघाच्या छातीवर जे नाव आहे ते वाईट कसे, असा प्रश्न मुलाने विचारला तर बापाकडे उत्तर नव्हते. ऑक्टोबर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवड पोलीस दलातल्या एका उपनिरीक्षकाला विश्वचषकाच्या सामन्यावर दीड कोटी रुपये लागले आणि काही दिवसांतच तो निलंबित झाला. गणवेशात माध्यमांशी बोलल्याचाही ठपका त्याच्यावर होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आमदार बच्चू कडू यांनी अशा खेळाच्या जाहिरातीवरून सचिन तेंडुलकर यांच्या मुंबईतल्या घराबाहेर आंदोलन केले होते. न्यायालयाने ज्याला खेळ म्हटले होते, त्याला समाज अजून तसे म्हणायला तयार नव्हता.

जुन्या खेळाडूचा हिशेब खऱ्या अर्थाने बदलला तो करांनी. १ एप्रिल २०२३ पासून वर्षाच्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर उगमातच कापला जाऊ लागला. आधीची दहा हजारांची मर्यादा गेली, आणि एका वर्षातला तोटा पुढच्या वर्षीच्या नफ्यातून वजा करण्याची सोय नव्हती. १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या संपूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आला. आधी तो कंपनीच्या कपातीवर १८ टक्के होता. त्यानंतर १०० रुपये भरले की पाकिटात ७८ रुपये १२ पैसे जमा होत आणि २१ रुपये ८८ पैसे कर म्हणून जात. बऱ्याच कंपन्यांनी ही तूट बोनस म्हणून भरून दिली, म्हणजे खेळाडूच्या पाकिटात खऱ्या पैशाऐवजी न काढता येणाऱ्या पैशाचा वाटा वाढला. कपात, जीएसटी आणि उगमातला कर हे तिन्ही ओलांडून वरचढ राहणारा खेळाडू आधीच दुर्मीळ होता. पोटापाण्यासाठी रमी किंवा पोकर खेळणाऱ्यांनी याच काळात हात आखडता घेतला.

जुलै २०२५ मध्ये हा विषय विधिमंडळात पोहोचला. तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात मोबाइलवर रमी खेळत असल्याची चित्रफीत आमदार रोहित पवार यांनी प्रसिद्ध केली. आपण खेळत नव्हतो, असे कोकाटे यांनी सांगितले. महिनाअखेरीस त्यांच्याकडचे कृषी खाते गेले आणि क्रीडा खाते आले. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या राज्यात कृषिमंत्र्याच्या हातातल्या फोनवर पत्ते दिसावेत, याचा राग गावागावांत उमटला आणि तो रास्त होता.

महिनाभरातच केंद्राने निर्णय घेतला. ऑनलाइन खेळांच्या प्रोत्साहन व नियमनाचे विधेयक २० ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेत, २१ ला राज्यसभेत मंजूर झाले आणि २२ ला राष्ट्रपतींनी सही केली. दरवर्षी सुमारे ४५ कोटी लोक अशा खेळांत मिळून २० हजार कोटी रुपये गमावतात, असा सरकारचा अंदाज होता. खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो की दोन्हींचा, पैसे लावून बक्षिसाच्या आशेने खेळला तर तो ऑनलाइन चालवता येणार नाही, असे या कायद्याने ठरवले. १८८७ पासून चालत आलेला भेद या क्षेत्रापुरता संपला. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षे आणि पन्नास लाख, आणि बँकांना या व्यवहारांची मनाई. खेळणाऱ्याला मात्र गुन्हेगार ठरवलेले नाही, आणि ही तरतूद योग्य आहे: आकडा लावणाऱ्याला पकडून चौकीत बसवण्याने मटका कधी थांबला नव्हता.

मोठ्या कंपन्यांनी त्याच आठवड्यात पैशाच्या स्पर्धा बंद केल्या. भरणा थांबला, शिल्लक रक्कम काढून घेण्याची मुभा राहिली. बोनसचे आकडे बहुतेकांच्या हाती लागले नाहीत, कारण ते कधी पैसे नव्हतेच. भारतीय संघाच्या जर्सीवरचे नाव उतरले. काही कंपन्या कायद्याविरुद्ध न्यायालयांत गेल्या आणि वेगवेगळ्या उच्च न्यायालयांतल्या याचिका सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे घेतल्या. रमी आणि फँटसीची ॲप फुकट खेळासाठी उरली, तर परदेशातून चालणारी सट्ट्याची संकेतस्थळे एक बंद केले की दुसऱ्या नावाने उघडत राहिली. त्यांना ना पत्ता आहे, ना तक्रार ऐकणारा अधिकारी, ना पैसे परत मिळण्याची हमी. दहा वर्षे परवानगीच्या बाजारात खेळलेल्या माणसापुढे आज ही संकेतस्थळे, फुकटची टेबले आणि मित्रांच्या खोलीवरचा जुना डाव एवढेच पर्याय आहेत. ॲपने घेतलेले पैसे वर्षवार लिहिलेले राहिले ते त्याच्या बँकेच्या उताऱ्यात, कारण मटक्याच्या चिठ्ठीप्रमाणे ती नोंद फाडून टाकता येत नाही.